वरून कोरडे, आतून ओले
यूव्ही छपाईच्या तक्रारी आणि कारागिराची जबाबदारी

जळगाव आणि धुळ्याच्या बाजारात यूव्ही फ्लॅटबेड छपाई आता नवलाईची राहिलेली नाही. नेमप्लेट, ट्रॉफी, मोबाईल कव्हर, टाइल, सनबोर्ड, काचेवरील कुरआनी आयतींच्या फ्रेम अशी कितीतरी कामे या यंत्रावर होतात. ब्रशने पाट्या रंगवणाऱ्या हातांवर फ्लेक्सने संक्रांत आणली. त्यातून जे सावरले, त्यांच्यापैकी काहींनी साठवलेला पैसा घालून किंवा हप्ते बांधून हे यंत्र घेतले. आपल्या समाजातील कारागीरही त्यात आहेत. म्हणून या धंद्यातील एका रोगाविषयी आज स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

रोग असा की माल दुकानातून जाताना सुंदर असतो आणि काही दिवसांनी परत येतो. नखाने कोपरा उचलला की रंगाचा पापुद्रा निघतो, किंवा ओले फडके फिरवले की अक्षर पुसट होते. मग यंत्र विकणारा शाईला दोष देतो, शाई विकणारा यंत्राला देतो आणि दोघे मिळून खानदेशच्या उन्हाला देतात. नुकसान मात्र छापणाऱ्याचे होते. दहा कामे परत आली तर महिन्याचा नफा जातो, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास त्याच्याही आधी जातो.

आमचे मत असे आहे की यातील बहुतेक भांडणे टाळता येण्यासारखी आहेत. ती दोन कारणांनी होतात. एक तर दोन वेगळ्या आजारांना एकच समजून औषध दिले जाते. दुसरे, माल तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो. पहिली गोष्ट अज्ञानाची आहे, ती शिकून दूर होईल. दुसरी नियतीची आहे, तिचा जाब आपल्याला अल्लाहसमोर द्यावा लागेल.

दोन आजार, लक्षण सारखे

पाण्याची किंवा सॉल्व्हंटची शाई हवेने सुकते. यूव्ही शाई अशी सुकत नाही. तिच्यात फोटोइनिशिएटर नावाचे द्रव्य असते. त्यावर योग्य प्रकाश पडला की शाईतील द्रव कण एकमेकांत साखळीसारखे गुंफले जातात आणि क्षणार्धात द्रवाचे प्लॅस्टिक बनते. यालाच धंद्यात क्युअर होणे म्हणतात. त्यामुळे कच्ची राहिलेली पाटी रात्रभर पंख्याखाली ठेवून पक्की होत नाही.

पहिला आजार म्हणजे शाई पूर्ण क्युअर न होणे. दुसरा म्हणजे पूर्ण क्युअर झालेल्या शाईने खालच्या वस्तूला न धरणे. दोन्हींत रंग निघतो, परंतु निघण्याची तऱ्हा वेगळी असते. निघालेला पापुद्रा उलटा करून पाहावा. तो कोरडा, कडक आणि मागून स्वच्छ असेल तर शाई पक्की आहे, पकड नाही. मागची बाजू चिकट असेल, उग्र वास येत असेल, कापसाला रंग लागत असेल तर शाई कच्ची आहे.

हा भेद का महत्त्वाचा? कारण एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते. पकड नसलेल्या कामावर दिव्याची ताकद वाढवली तर थर अधिक कडक व ठिसूळ होतो, आकसतो आणि पूर्वीपेक्षा लवकर सुटतो. उलट, कच्च्या शाईखाली कितीही महागडा प्राइमर लावला तरी शाई कच्चीच राहते. हकीम नाडी पाहून मगच औषध देतो. आपणही तसेच केले पाहिजे.

शाई कच्ची का राहते?

पहिले कारण दिवा आणि शाई यांचा मेळ नसणे. आजच्या बहुतेक लहान यंत्रांत एलईडी दिवा असतो आणि त्याचा प्रकाश साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो, बहुधा ३९५ च्या आसपास. जुन्या पाऱ्याच्या दिव्यातून मात्र अनेक लांबीचे किरण निघतात. पाऱ्याच्या दिव्यासाठी बनवलेली शाई स्वस्त मिळाली म्हणून एलईडी यंत्रात ओतली तर ती धड पक्की होत नाही. शाई कोणत्या दिव्यासाठी आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दोन कंपन्यांच्या शाया एका टाकीत मिसळू नयेत.

दुसरे कारण प्रकाशाची मात्रा. मात्रा म्हणजे दिव्याची ताकद आणि वस्तूवर प्रकाश पडण्याचा वेळ, या दोन्हींचा गुणाकार. घाईत आठ पासचे काम चार पासवर आणले की ही मात्रा घटते. दिव्याच्या काचेवर शाईचे बारीक तुषार बसले तरी घटते. एलईडी बल्बसारखा एकदम जात नाही, तो हळूहळू मंदावतो. यूव्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून दिवा जांभळा दिसतो यावरून तो धडधाकट आहे असे ठरवता येत नाही. त्यासाठी मीटर लागतो. काच मात्र नियमित पुसता येते आणि त्याला खर्च नाही. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे सांगायला नकोच.

तिसरे कारण पांढरी आणि काळी शाई. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड आणि काळ्यातील कार्बन हे प्रकाश अडवतात. थर जाड असेल तर वरचा भाग घट्ट होतो आणि तळाशी शाई ओलीच राहते. बोट फिरवून हा दोष कळत नाही. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत आणि शाईचे एकूण प्रमाण कमी ठेवावे. पांढऱ्या शाईतील भुकटी जड असल्याने तळाशी बसते. बाटली रोज हलवली नाही तर सकाळची छपाई आणि संध्याकाळची छपाई यांत फरक पडतो.

चौथे कारण हवेतील ऑक्सिजन. तो शाईच्या वरच्या पातळ थरात गुंफण होऊ देत नाही, त्यामुळे आतून पक्के असलेले कामही वरून चिकट लागते. अशा वेळी शाई न सोडता फक्त दिवा एकदा किंवा दोनदा फिरवून पाहावा, वेग कमी करावा. तरीही चिकटपणा राहिला तर शाई जुनी झाली आहे का, मुदत संपली आहे का, हे पाहावे.

पकड का सुटते?

केळीच्या पानावर पाण्याचा थेंब पडला तर तो पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. काही प्लॅस्टिकांचे शाईशी हेच नाते असते. पृष्ठभाग द्रवाला किती ओढून घेतो, हे डाइन या मापाने मोजतात. छपाईसाठी साधारण ३८ ते ४२ डाइन हवेत. पीव्हीसी सुमारे ३९, ॲक्रिलिक सुमारे ४०. परंतु पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथीन केवळ ३० च्या आसपास. टेफ्लॉन तर २० च्या घरात.

आता जळगावकडे पाहा. इथल्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनतात, त्या पॉलिप्रॉपिलीनच्या. ठिबकच्या नळ्या बनतात, त्या पॉलिथीनच्या. पीव्हीसी पाइपही इथेच बनतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे सगळे ‘प्लॅस्टिक’ आहे. छापणाऱ्याने तसे समजून चालणार नाही. सनबोर्ड किंवा पीव्हीसीवर उत्तम बसणारी शाई पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर सोलून निघाली तर त्यात शाईचा गुन्हा नाही. अशा वस्तूंना आधी ज्योत किंवा कोरोना यांची प्रक्रिया द्यावी लागते, किंवा त्यांच्यासाठीच बनवलेला प्राइमर लावावा लागतो. ज्योत द्यायची तर निळ्या ज्योतीचे टोक भरभर फिरवावे, एका जागी थांबवू नये. या प्रक्रियेचा परिणाम दिवसागणिक ओसरतो, म्हणून छपाई त्याच दिवशी उरकावी. डाइन पेनने रेघ ओढून पाहिली की वस्तू तयार आहे की नाही, हे कळते. रेघ सलग राहिली तर ठीक, थेंबांत तुटली तर नाही.

काच, चकाकीची टाइल आणि स्टील यांचा प्रश्न वेगळा आहे. हे पृष्ठभाग इतके गुळगुळीत असतात की शाईला पाय रोवायला जागा मिळत नाही. त्यात हाताचे तेल, पॉलिश आणि दमट हवा यांचा अदृश्य थर असतो. ते आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत आणि काचेसाठीचा प्राइमर अगदी पातळ लावावा. जाड लावलेला प्राइमर स्वतःच सुटतो. ॲक्रिलिकवर मात्र थिनर वापरू नये, त्याला बारीक तडे जातात. लेसरने कापलेल्या कडांवर अल्कोहोलही थांबू देऊ नये.

काही वेळा शाई व्यवस्थित धरते आणि तरी काम बिघडते. ट्रॉफीवर किंवा पत्र्यावर आधीचा स्वस्त लॅकर असतो. शाई लॅकरला धरते आणि लॅकर धातूला सोडतो. पापुद्र्याच्या मागे पारदर्शक थर दिसला तर हे ओळखावे. सिलिकॉनच्या मोबाईल कव्हरवर शाई सहजासहजी टिकत नाही. वाकणाऱ्या वस्तूवर कडक शाई तडकते, तिथे लवचीक शाईच हवी. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पांढऱ्याचा पहिला थर गरजेपेक्षा जास्त क्युअर केला तर त्यावरचा रंगीत थर त्याला नीट धरत नाही. काम दोन थरांच्या मध्येच सुटते.

खानदेशचे ऊन, खानदेशचा पावसाळा

उन्हाळ्याला दोष देणे सोपे आहे, परंतु त्याचा बंदोबस्त करणे कठीण नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. शाईच्या बाटल्या तिथे ठेवल्या तर त्या बिघडतात, काही वेळा बाटलीतच घट्ट होतात. शाई घरातील थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. उन्हात फिरलेल्या पार्सलमधून आलेली शाई लगेच यंत्रात न ओतता थोडी छापून पाहावी. दिव्याला पाण्याने थंड करणारी टाकी असेल तर तिचे पाणी वेळेवर बदलावे.

फेब्रुवारी ते मे कोरड्या हवेमुळे ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते. शीटवरचा संरक्षक कागद ओढताना चटचट आवाज येतो, तो तिचाच. या विजेमुळे शाईचे बारीक थेंब भरकटतात आणि धूळ शीटला चिकटते. यंत्राचे अर्थिंग पक्के हवे. खोलीत कूलर लावल्याने हवेत ओलावा येतो हे चांगलेच, परंतु त्याचा झोत यंत्राच्या टेबलावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात उलटे होते. काचेवर ओलसर थर बसतो, एमडीएफ पाणी धरते. असा माल आदल्या दिवशी कोरड्या खोलीत आणून ठेवावा.

पाच मिनिटांच्या परीक्षा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तपासणी. ती त्याच वस्तूच्या तुकड्यावर करावी. गिऱ्हाइकाने आणलेली एकुलती एक टाइल आपल्याकडे अमानत आहे, तिच्यावर प्रयोग करू नये.

एक, अंगठा दाबून पीळ द्यावा. रंग सरकला किंवा वास आला तर शाई कच्ची.

दोन, कापूस आयपीएमध्ये भिजवून वीस वेळा मागेपुढे घासावा. रंग भरपूर आला तर शाई कच्ची.

तीन, टेपची परीक्षा. धारदार कटरने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारून बारीक चौकटी कराव्यात. कडक वस्तूवर पातळ थर असेल तर रेघांत १ मिलिमीटर अंतर ठेवावे. त्यावर टेप घट्ट दाबून ओढावी आणि किती चौकटी सुटल्या ते पाहावे. ही परीक्षा आपल्या मनची नाही. जगभर रंगाच्या धंद्यात ती आयएसओ २४०९ आणि एएसटीएम डी ३३५९ या नियमांनुसार करतात. दोन्हींचे गुण मात्र उलटे आहेत. आयएसओमध्ये ० सर्वांत चांगला, एएसटीएममध्ये ५बी. मोठ्या गिऱ्हाइकाने गुण विचारले तर आधी नियम कोणता, ते विचारावे.

चार, बाहेर लावायची किंवा धुतली जाणारी वस्तू असेल तर छापलेला तुकडा चोवीस तास पाण्यात ठेवून टेपची परीक्षा पुन्हा घ्यावी. काच व टाइलचे खरे रूप पाण्यानंतरच दिसते.

गिऱ्हाइकाला न दिसणारा थर

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. तो पाऊस त्या व्यापाऱ्याने पाडला नव्हता. दोष ओलीचा नव्हता, ती झाकण्याचा होता.

यूव्ही छपाईला हा प्रसंग किती तंतोतंत लागू पडतो! वरून कोरडा आणि आतून ओला असा माल आपल्या यंत्रातून निघू शकतो. गिऱ्हाइकाला वरचा थर दिसतो. तळचा थर केवळ छापणाऱ्याला माहीत असतो. आठ पासचे पैसे घेऊन चार पासवर काम उरकणे, प्राइमर लावल्याचे सांगून तो न लावणे, ही माप मारण्याचीच नवी रीत आहे. माप मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कठोर इशारा आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. फिकहमध्ये लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे. तेव्हा पापुद्रा निघालेली पाटी घेऊन आलेले गिऱ्हाईक आपला हक्क मागत असते, त्याच्यावर डोळे वटारणे शोभत नाही.

यात आणखी एक नाजूक बाब आहे. काचेवर आयत छापून दिली आणि चार महिन्यांनी तिची अक्षरे सुटून जमिनीवर पडली, झाडूखाली गेली, तर त्या घरातील माणसांना काय वाटेल? किमान या कामात तरी प्राइमर व परीक्षा यांत काटकसर नसावी.

यंत्रावर काम करणाऱ्या मुलांचाही विचार हवा. कच्च्या यूव्ही शाईने त्वचेला ॲलर्जी होते, आणि ती एकदा जडली की पुढे थोड्या शाईनेही उसळते. तरीही उघड्या हातांनी हेड पुसणारी मुले दिसतात. त्यांना नायट्राइलचे हातमोजे देणे मालकाचे कर्तव्य आहे. कपाच्या आतील बाजूस, ओठ लागतो त्या कडेवर आणि अन्न ठेवायच्या ताटावर छापू नये, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी.

दर परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

यावर धंद्यातील बांधव म्हणतील, शेजारचा प्राइमरविना निम्म्या दरात देतो, गिऱ्हाइकाला तासाभरात माल हवा असतो, परीक्षा घेत बसलो तर दुकान बंद पडेल. ही अडचण खोटी नाही. स्पर्धा तीव्र आहे आणि हप्ता कोणासाठी थांबत नाही.

परंतु अडचणीचा मार्ग सत्यातूनही निघतो. बिलावर दोन दर लिहावेत, प्राइमरसह आणि प्राइमरविना. लग्नाच्या मंडपात एक दिवस लावायच्या बोर्डाला प्राइमर लागत नाही, तो स्वस्तात द्यावा. दारावर दहा वर्षे राहायच्या पाटीला लागतो, तिथे कारण सांगून दर घ्यावा. गिऱ्हाइकाने तरीही स्वस्त मागितले तर ‘पकडीची हमी नाही’ असे बिलावर लिहावे. दोष सांगून विकलेला माल फसवणूक होत नाही, गप्प राहून विकलेला होतो. जी वस्तू आपल्याकडे धरत नाही तिला नम्रपणे नाही म्हणावे. पाच मिनिटांच्या परीक्षेने दुकान बंद पडत नाही. परत आलेल्या मालाने पडते.

एकट्याला जड, मिळून हलके

यूव्ही मीटर एका लहान दुकानदाराला महाग पडतो. पाच-सात दुकानांनी मिळून एक घेतला तर तो महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या दिव्याची नाडी पाहू शकतो. डाइन पेनचा संचही असाच वाटून वापरता येईल. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रंग व प्लॅस्टिक तंत्रज्ञान हे विषय शिकवले गेले आहेत. धंदेवाल्यांनी एकत्र जाऊन आपल्या अडचणी मांडल्या तर तिथल्या जाणकारांचे मार्गदर्शन मागता येईल. आपण नेहमी विक्रेत्याच्या मेकॅनिकची वाट पाहतो, घराजवळच्या ज्ञानाकडे पाहत नाही.

आणि प्रत्येक दुकानात एक वही असावी. तारीख, वस्तू, ती कोठून घेतली, शाई, पास, दिव्याची ताकद, प्राइमर आणि टेपच्या परीक्षेचा निकाल, एवढेच तिच्यात लिहावे. सहा महिन्यांत ती वही कोणत्याही मेकॅनिकपेक्षा अधिक सांगू लागेल. कारागीर बदलला तरी दुकानाची विद्या दुकानात राहील, आणि तक्रार आली तर वादाऐवजी वही उघडता येईल.

आपल्या धंद्यातील बांधवांना आमची विनंती आहे की पुढच्या कामापासूनच ही सुरुवात करावी. कटर आणि टेप प्रत्येकाच्या दुकानात आहेच. जो माल ही परीक्षा उतरणार नाही, तो गिऱ्हाइकाच्या हाती जाऊ देऊ नये. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.